पायाशी जरा जास्त वेळ

अख्ख्या इंदुरात माणसाला तोंडावरून न ओळखता पायांवरून ओळखणारी एकच व्यक्ती माझ्या पाहण्यात आहे, आणि ती नेमकी माझी पुतणी निघाली. दादाची ही मुलगी फिजिओथेरपीच्या डिग्रीला गेली तेव्हा कापड मिलांचे भोंगे एकेक करून गप्प होत होते आणि घरोघरी केबल लागत होती. छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीला कोर्सचं नाव उच्चारता येईना, म्हणून सगळ्यांनी त्याचा 'मालिशचा कोर्स' करून टाकला. "मालिश सीखने के लिए भी डिग्री लगती है क्या भिया?" असं दूधवालासुद्धा मला विचारी. पुतणीला त्याचं काहीच नव्हतं. ती रस्त्यानं लोकांच्या मागे त्यांच्यासारखीच चालून बघण्यात दंग असे. एकदा सराफ्यात एका लंगडणाऱ्या गृहस्थांच्या मागून ती हुबेहूब लंगडत गेली. त्यांनी वळून पाहिलं आणि रागवायचं सोडून, "बेटा, तेरा भी घुटना?" म्हणत तिला कचोरी खाऊ घातली.

पण तिची खरी करामत नमस्कारात होती. घरी कुणी वडीलधारं आलं की ही वाकायची आणि लवकर उठायचीच नाही. घोट्यावर सूज आहे का, अंगठा हलतो का, टाच कुठे दुखते, सगळं चाचपून व्हायचं. म्हाताऱ्यांना वाटे, काय हे संस्कार! आजकालच्या मुली नुसता गुडघ्याला हात लावून पळतात! तिच्या नमस्काराची कीर्ती पार स्नेहलतागंजापर्यंत पोचली आणि स्थळं चालून यायला लागली.

नेमकी त्याच वर्षी दादाची मिल बंद पडली. "डिग्री अधूरी राहिली तरी चालेल, लग्न उरकून टाकू," त्याने ठरवून टाकलं. वहिनी रडली, मी समजावून पाहिलं, तो ऐकेना. पुतणीला शिकायचं होतं, पण ती भांडली नाही. मला फक्त म्हणाली, "काका, बाबांचं चालणं बघितलं? पायात कुछ नहीं है. सकाळी उठून जायला जागाच नाही ना आता, म्हणून पाऊल उचलत नाही."

एका रविवारी स्नेहलतागंजातले एक रिटायर रेल्वेवाले सहकुटुंब तिला बघायला आले. पोहे-जलेबी झाली. मुलाच्या वडिलांना नमस्कार करायला ही वाकली ती वाकलीच. मुलाच्या आईचे डोळे भरून आले. तेवढ्यात खालूनच आवाज आला, "काका, पंजा वर उचला ना जरा. जिन्यात तुमची डावी चप्पल घासत होती." दादाने डोळे मिटून घेतले. गृहस्थांनी जोर लावला, पण पंजा उठेना.

"अरे! आणि मी महिनाभर मोच्याशी भांडतोय, चप्पल ढीली बनवली म्हणून!"

"मोच्याला सोडा काकाजी, पहले डॉक्टरला दाखवा."

काही दिवसांनी ते एकटेच आले. तासन्‌तास मांडी घालून पत्ते खेळल्यानं गुडघ्याजवळची नस दबली होती. उपचार सुरू झाले होते. चहाचा कप हातात घेऊन ते दादाला म्हणाले, "भाऊसाहेब, लग्नाचं राहू द्या. हिला पुरी शिकू द्या. मध्येच सोडवलीत तर मी याच पायानं रोज येऊन भांडेन, सांगून ठेवतो!" मिल बंद झाल्यापासून दादा त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

दुसऱ्याच दिवशी पुतणीनं फर्मान काढलं, "बाबा, कॉलेजच्या बसपर्यंत सोडायला चला, एकटीला बोर होतं." दादा रोज जाऊ लागला. निकालाच्या दिवशी तर तो इतका भरभर निघाला की ही मागे पडली. मागून त्याची पावलं बघत राहिली आणि कधी नव्हे ती एकही खोट काढली नाही.

आता दादा नाही. पुतणी दूरच्या शहरात मोठ्या दवाखान्यात आहे, वर्षातून एकदा येते. आली की वाकून माझ्या पाया पडते आणि बराच वेळ उठत नाही. तपासणी चालली आहे हे मला पक्कं ठाऊक असतं. तरी तिच्या डोक्यावर ठेवलेला हात मला काढवत नाही.