पूजलेली पायडलं

आमच्या मोटारीला ज्या दिवशी पाय लावायचा नाही असं आईने ठरवलं, नेमकी त्याच दिवशी ती मोटार अमरावतीहून अकोल्याला न्यायची होती.

यातलं गांभीर्य कळायला त्या मोटारीची ओळख हवी. वडिलांनी ती कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या एका गोऱ्या साहेबाकडून विकत घेतली होती. साहेब विलायतेला परत गेला आणि मोटार राजापेठेत आमच्याकडे आली. तिचं पेट्रोल हाताने सोडायचं, त्यासाठी स्टिअरिंगखाली एक बारीक दांडी होती. बाकी सगळा कारभार पायांचा. खाली तीन पायडलं. डावं पूर्ण दाबलं की गाडी हळूहळू पुढे जाई, अर्धं दाबलं की जागच्या जागी गुरगुरत राही, सोडून दिलं की उधळे. मधलं दाबलं की मागे. उजवं म्हणजे ब्रेक. (ही रचना करणाऱ्याने माणसाला पाय किती असतात याची चौकशी केलेली नसावी!)

बाबा वकील होते. मोटार चालवताना ते कोट, टोपी आणि उपरणं घालून ताठ बसत आणि खाली पाय मात्र तबलजीच्या बोटांसारखे नाचत. खंडेनवमीला त्यांनी कायद्याची पुस्तकं, दौत-लेखणी आणि मोटार अशी पूजा मांडली. आईने विचारलं, "मोटारीत हळदकुंकू नेमकं कुठे वाहू?" बाबा ऐटीत म्हणाले, "तिचा सगळा जीव त्या तीन पायडलांत आहे." झालं! आईने तिन्ही पायडलांना हळद माखली, कुंकवाची बोटं ओढली, झेंडूची फुलं खोवली आणि खाली वाकून नमस्कार केला.

त्याच संध्याकाळी अकोल्याचा एक पक्षकार निरोप घेऊन आला. निरोप ताईच्या सासऱ्यांचा, म्हणजे अप्पासाहेबांचा होता.

ताई लग्न होऊन अकोल्याला गेली त्याला दोन वर्षं झाली होती आणि या दोन वर्षांत ती एकदाही माहेरी आली नव्हती. कारण लग्नातली व्याहीभेट. आमच्याकडे व्याहीभेटीत मुलीच्या बापाने आधी वाकायचं असतं. बाबा म्हणाले, "मी कोर्टापुढे वाकतो, तेही फी घेऊन." अप्पासाहेबांची कापसाची अडत होती, अख्खा बाजार त्यांच्यापुढे वाके. त्यांनी तिथेच सांगून टाकलं, की या घरातलं कोणी माझ्या दारात येऊन वाकल्याशिवाय सून माहेरी जाणार नाही. आणि खरोखरच त्यांनी ती पाठवली नाही.

मी तेव्हा कॉलेजात होतो, मिशी फुटलेली होती, तरी संत्री आली की मला ताईची आठवण येई. ती फोडींचे पांढरे दोरे काढकाढून मला भरवायची. आई तर दारावरून टांगा गेला तरी उठून बाहेर बघे.

आता निरोप असा होता: "उद्या दसरा हाय. दिवस बुडाच्या आत या, रीतीनं वाका अन् पोरीले घेऊन जा. नाई तर पुढच्या दसऱ्यापावतर नाव काढू नका."

"जाऊ," बाबा म्हणाले. "मोटारीनं जाऊ. मोटार बघून तेच वाकतील."

"मोटारीनं?" आई म्हणाली. "पूजलेल्या वस्तूला पाय लावणार? उद्या सोनं लुटेपर्यंत लावायचा नाही, ही या घरची रीत आहे!"

"अगं, ती पायानंच चालते!"

"म्हणून काय लक्ष्मीला लाथा मारत मुलीला आणायला जाणार? काही बरंवाईट झालं तर?"

"मग आगगाडीनं जा ना बाबा," मी म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी बदनेऱ्याच्या स्टेशनाचं नावही पुन्हा काढलं नाही. आगगाडीतून उतरलेल्या माणसाला वाकावंच लागतं, असं त्यांचं मत होतं.

शेवटी आमच्या भटजींना, जोशीबुवांना बोलावलं. जोशीबुवांनी मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घातली, खाली डोकावून पाहिलं, डोळे मिटले आणि निर्णय दिला: "पाय वर्ज्य. हातानं स्पर्श केला तर ती सेवा होते."

"पण हात स्टिअरिंगवर असतात हो!"

"दुसऱ्या कोणाचे हात नाहीत का घरात?" जोशीबुवा म्हणाले.

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

दसऱ्याच्या पहाटे मला मोटारीत भरण्यात आलं. भरण्यातच आलं, दुसरा शब्द नाही. बाबा उजवीकडे गादीवर मांडी घालून. मी डावीकडच्या दारातून कमरेपर्यंत आत, डोकं स्टिअरिंगखाली, हात पायडलांवर. माझेही पाय आत नकोत (आईचा आग्रह!), म्हणून ते दाराबाहेर, फूटबोर्डावरून लोंबते. मी वाटेत गळून पडू नये म्हणून जुन्या पांढऱ्या धोतराने मला आडवातिडवा बांधलं आणि धूळ लागू नये म्हणून उरलेलं धोतर अंगावरून घेतलं. आईने दोघांना कुंकू लावलं. माझं कपाळ सापडेना म्हणून तिने ते टाचेला लावलं.

सुरुवातीला बाबा तोंडी हुकूम देत होते. अडचण अशी, की ते वकील होते. "वसंता, समोर एक बैलगाडी उभी असून तिचा चालक निद्रिस्त दिसतो, अशा परिस्थितीत उजवं पायडल दाबणं हे आपल्या हिताचं—" एवढ्यात आमची मोटार त्या बैलगाडीतल्या कडब्यात तोंड खुपसून उभी राहिली. गाडीवान जागा होऊन म्हणाला, "तुमच्या मोटारीले चारा लागते का जी?" बाबांनी त्याची माफी मागितली, पण तीही इतकी लांबली, की तो पुन्हा झोपला.

बदनेरा मागे पडल्यावर बाबांना युक्ती सुचली. हात गुंतलेले, तोंडाला वेळ लागतो. पाय मात्र रिकामेच होते. तेव्हा असं ठरलं, की माझ्या डाव्या कानाला अंगठा लागला की डावं पायडल, टाळूला लागला की मधलं आणि उजव्या कानाला लागला की उजवं. आणि खरं सांगतो, त्यानंतर मोटार लोण्यासारखी चालली! रीत तंतोतंत पाळली जात होती. मोटारीला बाबांचा पाय लागत नव्हता, तो मला लागत होता.

पण बाहेरून हे सगळं कसं दिसत असेल, याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. एक गंभीर वकील समोर पाहत मोटार हाकतोय आणि शेजारच्या दारातून पांढऱ्या कपड्यात बांधलेले दोन पाय बाहेर आलेत, एका टाचेला कुंकू. रस्त्यावरचे लोक बाजूला होऊन हात जोडू लागले. एका गावात तर सणाची वाजंत्री चालली होती, ती आम्हाला पाहून थांबली. बाबांना वाटलं, हा मोटारीचा मान. ते प्रत्येकाला मान तुकवत होते.

मूर्तिजापूरच्या नाक्यावर शिपायाने टोपी काढली. हळूच विचारलं, "कोण गेलं जी?"

"अजून कोणी गेलं नाही. अकोल्याला चाललोय," बाबा म्हणाले.

"अरेरे! पोरगा होता का?"

"हो, माझाच."

"सणाच्या दिवशी! देव काई पाहून नाई राहिला जी."

मी खालून ओरडलो, "बाबा, लवकर चला, पाठ मोडली!" शिपाई तिथून जो पळाला, तो नाका उघडायचंही विसरला. मग बाबांनी उतरून आडवा बांबू स्वतःच उचलला, मला गाडी पुढे घ्यायला सांगितली आणि ती मी मागे घेतली, कारण डोक्याला अंगठा नसल्यामुळे मला काही सुचेना.

या सगळ्यात दिवस कलला. माझी कंबर आधी दुखली, मग जळली, मग ती आपल्याला आहे की नाही हेच कळेनासं झालं. आणि माझ्या डोक्यावरचे बाबांचे पाय थरथरू लागले. मला वाटलं, थकले असतील. पण अकोल्याची वस्ती लागली तेव्हा ते हळूच म्हणाले, "वसंता, नाही पाठवली तर तुझ्या आईला काय सांगू रे?" बाबांना असा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. मी पायडलाशी तोंड करून रडलो आणि हळद डोळ्यांत गेली.

अप्पासाहेब दारातच उभे होते. मागे ताई, दाराआड. गल्लीतले लोक मोटार बघायला जमलेले. बाबांचा पाय इतका थरथरत होता, की तो दोन्ही कानांना आणि टाळूला एकदमच लागू लागला. त्यामुळे मोटार अप्पासाहेबांच्या दाराशी आली, मागे गेली, पुन्हा आली, पुन्हा मागे गेली.

"काहून वकीलसाहेब," अप्पासाहेब गरजले, "यायचं हाय का नाई, एकडाव ठरवा!"

मी सरळ दोन्ही हातांनी उजवं पायडल दाबलं. गचका बसला, धोतराची गाठ सुटली आणि मी दारातून बाहेर घरंगळलो तो थेट अप्पासाहेबांच्या जोड्यांपाशी. धडपडून पायांवर उभा राहिलो, पण कंबर सरळ झालीच नाही. काटकोनात वाकलेला, हात त्यांच्या पायांपाशी लोंबलेले, कपाळावर हळद, डोळ्यांत पाणी.

गल्ली आणखी पुढे सरकली.

"हं. पुरे. उठ," अप्पासाहेब म्हणाले.

मी उठलो नाही. मला उठता येत नव्हतं!

"उठ ना बाप्पा. झाला नमस्कार."

मी "आई गं" एवढंच म्हणालो.

"आईची आठवण काढून राहिला पोरगा," अप्पासाहेबांचा आवाज बदलला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "वकीलसाहेब, तुमी वाकले नाई, पण पोरगा पाहा. मी पोरीले पाठवतो म्हणेपावतर उठूनच नाई राहिला! असा भाऊ लाखात भेटत नाई." मग दाराकडे वळून ते ओरडले, "सूनबाई, सामान बांधा!"

बाबांनी तोंड उघडलं. मला भीती वाटली, की आता ते खुलासा करणार. पण ते मोटारीतून उतरले, अप्पासाहेबांपुढे आले. मी उलटा असल्यामुळे मला आधी त्यांचे फक्त पायच दिसत होते, मग वाकता वाकता त्यांची टोपीही त्या पायांपर्यंत खाली आलेली दिसली.

दिवस बुडाल्यावर सोनं वाटलं गेलं, पायांची बंदी सुटली आणि बाबा स्वतःच्या पायांनी मोटार चालवत निघाले. मी मागच्या गादीवर दुमडलेला, डोकं ताईच्या मांडीवर. ती माझ्या केसांतली हळद काढत होती. काय घडलं ते ऐकून ती आधी खूप हसली आणि मग तिला रडू आवरेना. घराच्या दारात आईने तिला कुशीत घेतलं, तेव्हा मला कोणी उतरवून घ्यायचं राहिलं. पण त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

त्यानंतर ताई दर दसऱ्याला माहेरी आली. तिला आणायला अर्थात मीच जायचं, आणि अप्पासाहेब गल्ली जमवून दारात उभे राहायचे. एकदा दाखवलेली नम्रता कमी करता येत नाही! मी वाकायचो आणि ते "उठ" म्हणेपर्यंत वाकलेलाच राहायचो. पुढे अप्पासाहेब म्हातारे झाले, विसरायला लागले. मी वाकलो की समाधानाने मान डोलवत आत जायचे आणि चहा प्यायला बसायचे. मग बऱ्याच वेळाने आतून ताईचा आवाज यायचा, "अहो मामंजी, वसंता दारातच हाय अजून!"