सातव्या खजुराची ओटी

वडगाव रासाईचे ज्ञानदेव आप्पा रांजणगावच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. बंद पडलेलं काहीही उघडून आत पाहायचं, ही खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. घरचा मिक्सर, शेजाऱ्याचा पंप, नातीचं घड्याळ, काहीच त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. आप्पांनी हात टेकले ते फक्त खजुरापुढे.

आखातातून परतलेल्या एका सोबत्यानं दिलेल्या खजुराच्या बिया त्यांनी विहिरीकडेला लावल्या होत्या. अकरा झाडं छातीइतकी वाढली. पण खजुरात नर वेगळा आणि मादी वेगळी, आणि कोण काय हे पहिला फुलोरा येईपर्यंत कळत नाही. त्यात चार-पाच वर्षं जातात. फळ धरतं फक्त मादी. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी अकरा झाडांना पुरेना, तेव्हा परागासाठी एक नर ठेवून बाकीचे तोडायचे, असं आप्पांनी ठरवलं. ओळखायचे कसे, एवढंच काय ते अडलं होतं.

त्यांच्या बायकोला, सिंधूबाईंना, सातव्या झाडाबद्दल मात्र तिळभर शंका नव्हती. तीन मुलगेच झालेल्या या बाईनं त्या झाडाची खणा-नारळानं ओटी भरली, खोडाला हिरव्या बांगड्या बांधल्या. "माझी लेक हाय ती," म्हणायच्या. आप्पा हसायचे, पण पाण्याची नळी सातव्यापाशीच जरा जास्त रेंगाळायची.

अशात दौंडची प्राची गावात आली. ती पुण्याच्या प्रयोगशाळेत खजुराच्या जनुकांवर काम करायची आणि भीमेकाठच्या शिंदीची, म्हणजे रानटी खजुराची, पानं गोळा करत हिंडत होती. आप्पांनी तिला चहाला बसवलं आणि चहा निवून गेला तरी सोडलं नाही.

"पान बघून नर-मादी कळतंय व्हय तुला?"

"बघून नाही, आप्पा. पानातला डीएनए तपासून. नराच्या डीएनएत एक तुकडा असतो, तो मादीत नसतो. आम्ही तोच शोधतो."

"म्हंजी झाड न खोलता आतला पार्ट दिसतुया!" आप्पा लहान मुलासारखे खूश झाले. अकरा पानं त्यांनी स्वतः कापली, पुसली आणि नंबर टाकून पाकिटांत भरली.

तीन आठवड्यांनी मोबाइलवर निकाल आला. सहा माद्या, पाच नर. सातवं झाड नर.

"पाकिटं बदलली न्हाईत ना?" त्यांनी फोन करून विचारलं. प्राचीनं पुन्हा तपासलं. नरच. काहीतरी उघडून पाहिल्याचा आप्पांना जन्मात पहिल्यांदा पस्तावा झाला.

दोन दिवस त्यांनी निकाल दडवून ठेवला. तिसऱ्या दिवशी विहिरीपाशी सिंधूबाईंना सांगून टाकलं. सिंधूबाईंनी खोडाच्या बांगड्यांवरून हात फिरवला.

"एक नर ठेवायचा म्हणला व्हता. कुठला ठेवताय?"

"तिसरा जोमदार हाय..."

त्यांचं ऐकून न घेता सिंधूबाई घरात गेल्या. परत आल्या त्या पुतण्याच्या लग्नात मानाचा मिळालेला कोरा टोपी-टॉवेल घेऊन. खोडाच्या बांगड्या त्यांनी एकेक करून सोडवल्या, एकही फुटू दिली नाही. टॉवेल खोडाला गुंडाळला, टोपी मधल्या पानावर अडकवली.

"लेक नसंल तर नसू दे. माझा चौथा ल्योक हाय ह्यो."

आप्पांनी कुऱ्हाड उचलली, सातव्याची वाकडी झालेली टोपी सरळ केली आणि ते तिसऱ्या झाडाकडे गेले.