फंक्शन वाढते का घटते, मले काय मालूम!

बायांनो, दुपारपासून माझं डोकं फिरलं आहे. उद्या माझ्या पोट्टीचा बारावीच्या गणिताचा पेपर आहे, तोही दुसऱ्यांदा. या वेळी नाही निघाला तर वर्ष गेलंच समजा.

एकाच गणितात अडकून बसली आहे. फंक्शन म्हणतात त्याले, ते कुठं वाढते आणि कुठं घटते ते काढायचं. हिचं उत्तर येते वाढते, पुस्तकात मागं लिहिलं आहे घटते. पुन्हा केलं तरी तेच. रडाले लागली.

मी म्हटलं, "पुस्तकच चुकलं असन." अशी पाहिली माझ्याकडे!

तेलीबांध्याले राहणाऱ्या इंजिनिअर भाच्याले फोन लावला. तो म्हणे, "मामी, आता कुठं आठवते!" मंग काहाचा इंजिनिअर रे तू?

शेवटी मी म्हटलं, मलेच समजाव, सांगता सांगता चूक सापडन. तिची शाळा हिंदी, तिनं हिंदीतच सगळं सांगितलं. डेरिवेटिव काढायचा, मधला एक आकडा टाकायचा, प्लस आला तर वाढते, मायनस आला तर घटते. मी नुसती हव हव करत राहिली.

"समझ में आया?"

"हव."

"तो बताओ ना मम्मी, मेरी गलती कहाँ है?"

सातवी शिकलेली बाई मी! उठून तिच्यासाठी चहा ठेवला. तोही तिनं घेतला नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या लेकराले हे येते का? येत असन तर आत्ताच फोन लावा. मले धीर देऊ नका, तिले गणित सांगा.