उद्याची गोळी

ती दारातून आत आली, मला पाहिलं आणि तशीच मागे फिरली. मी वेटिंग रूममधून तिच्यामागे धावले आणि लिफ्टपाशी तिला गाठलं.

कॅनडात, नॉर्थ यॉर्कमधल्या एका क्लिनिकमध्ये मी तेव्हा नर्स होते. तिथे शाळकरी मुलंमुली गर्भनिरोधनासाठी, तपासण्यांसाठी स्वतःहून येत. २०१६च्या आसपासची ही गोष्ट. ही मुलगी सोळा वर्षांची, रिचमंड हिलला राहणारी, आमच्या मराठी मंडळातल्या माझ्या मैत्रिणीची मुलगी. भर बर्फात बस बदलून ती इतक्या लांब आली होती ती एवढ्यासाठीच, की ओळखीचं कुणी भेटू नये. आणि नेमकी मी भेटले.

"आंटी, प्लीज डोन्ट टेल आई."

"नाही सांगणार. मला सांगताच येत नाही, नियमच तसा आहे. हवं तर दुसरी नर्स बघते तुला."

तिने लिफ्टकडे पाठ केली. "नो. इट्स ओके. तूच."

तिच्या वर्गातला एक मुलगा तिचा मित्र होता. डॉक्टरांनी तिला तपासलं, गोळ्या दिल्या. मी सगळं समजावलं, फोनवर रोजचा अलार्म लावून दिला. इथवर आमचं क्लिनिक चोख होतं.

काही आठवड्यांनी ती पुन्हा आली. पाळी लांबली होती. टेस्ट निगेटिव्ह आली. मला हायसं वाटलं, ती मात्र नुसती बसून होती. गोळ्यांचं पाकीट जवळजवळ भरलेलंच.

"अगं, अलार्म वाजत नाही का?"

"वाजतो. आय जस्ट लाय देअर."

"आणि दिवस राहिले असते तर?"

तिने खांदे उडवले. "व्हॉटेव्हर हॅपन्स, हॅपन्स."

मग हळूहळू बाहेर आलं. रात्र रात्र झोप नाही, मग दिवसभर उठवत नाही. कशातच जीव लागत नाही. फक्त त्या मुलाजवळ असलं की डोकं जरा शांत होतं. जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का, हे मी तिला स्पष्ट विचारलं. नाही म्हणाली. डॉक्टरांनीही त्याच दिवशी तिच्याशी बोलून खात्री करून घेतली. पण मला कळायचं ते कळलं होतं. गोळी आज घ्यायची ती उद्यासाठी, आणि या मुलीला उद्याशी काही देणंघेणंच उरलं नव्हतं. तिला अलार्म काय कामाचा?

समुपदेशन विभाग आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होता. मी फोन केला.

"ती क्रायसिसमध्ये आहे का?" तिकडून विचारणा झाली.

"नाही, पण..."

"असती तर इमर्जन्सीला पाठवायचं. नसेल तर वेटिंग लिस्ट. उन्हाळ्याच्या आत नंबर लागणार नाही."

"अहो, ती आत्ता माझ्यासमोर बसली आहे!"

"आय अंडरस्टँड," ती बाई म्हणाली. तिला काहीही कळलेलं नव्हतं.

मी आमच्या मॅनेजरकडे गेले. समुपदेशक आठवड्यातून एक दुपार खाली बसवा, एवढंच मागितलं. तो शांतपणे म्हणाला, आपलं काम गर्भनिरोधन, मानसिक आरोग्य हा वेगळा प्रोग्रॅम आहे. "पण मुलगी एकच आहे ना!" मी म्हणाले. त्याने मान डोलावली आणि पुढच्या विषयाकडे वळला.

त्याच सुमारास एका मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये हळदीकुंकू होतं. तिथे मुलीची आई माझ्याशेजारी येऊन बसली.

"काय करू गं हिचं? मार्क घसरलेत. शनिवार-रविवार नुसती लोळत असते. शेवटी फोन काढून घेतला."

हातातला तिळगूळ हातातच राहिला. "डॉक्टरकडे ने ना एकदा. झोपेबद्दल बोल."

"झोपेचं काय बोलायचं? टीनएजर आहे, आळस आहे नुसता. आमच्या घरात डिप्रेशन-बिप्रेशन नाही हं कुणाला."

याहून जास्त मला बोलता येत नव्हतं. घरी जाताना गाडीत मी नवऱ्यावर उगाचच डाफरले.

वरच्या मजल्यावरच्या एका सोशल वर्करशी माझी कॉफी घेताना ओळख झाली होती. मूळची जमैकाची, मोठ्याने हसणारी. मी नाव न घेता तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गुरुवारी माझा लंच मी कुठेही खाऊ शकते." मुलीला विचारलं, ती हो म्हणाली. मग सोशल वर्कर डबा घेऊन आमच्या तपासणीच्या खोलीत येऊ लागली. मी ब्लड प्रेशर घेऊन बाहेर जाई, त्या दोघी बोलत बसत. पहिल्या गुरुवारी मुलगी फारसं बोलली नाही. पुढच्या गुरुवारी मात्र वेळ संपली म्हणून मला दार वाजवून त्यांना उठवावं लागलं.

वसंत लागता लागता मुलीने आपणहून विचारलं, "आंटी, बॅड डेज असले तरी रोज लक्षात ठेवावं लागणार नाही असं काही आहे का?" आपल्याकडे जिला तांबी म्हणतात, तिच्याबद्दल मी तिला आधीही सांगितलं होतं, तेव्हा तिने ऐकलंच नव्हतं. या वेळी तिने दहा प्रश्न विचारले आणि बसवून घेतली.

मॅनेजरला हे डब्याचं प्रकरण कळलं आणि त्याने ते बंद केलं. काही झालं तर जबाबदारी कुणाची, हा त्याचा मुद्दा. त्या बंद काळात एक दुसरी मुलगी आली. वरच्या मजल्यावरच्या समुपदेशनाच्या वेटिंग लिस्टमध्ये तिचं नाव कधीचं होतं. तिची टेस्ट पॉझिटिव्ह आली. ती रडतही नव्हती. मी मीटिंगमध्ये आवाज चढवला, आयुष्यात पहिल्यांदाच. मग कुठे गुरुवारची दुपार प्रायोगिक तत्त्वावर मंजूर झाली.

मैत्रिणीच्या मुलीने पुढे आईला डिप्रेशनबद्दल स्वतःच सांगितलं, आणि क्लिनिकमधल्या एका आंटीने मदत केली हेही. आईचा मला फोन आला.

"तुला माहीत होतं? माझ्या शेजारी बसून तिळगूळ खात होतीस, आणि तुला माहीत होतं?"

"मला काही सांगता येत नाही गं."

तिने फोन ठेवला. पुढे मंडळात भेटली तरी ती दुसऱ्या टेबलावर बसे. तिच्या जागी मी असते तर मीही चिडले असते. पण लेक औषध घेत होती, कॉलेजला अप्लाय करत होती. ते त्या गुरुवारांमुळे, हे तिला सांगणारं कुणी नव्हतं.

गुरुवारची दुपार वर्षभर चालली आणि मग बंद झाली. कारण दिलं गेलं की एका मुलीला फार वेळ लागतो, त्यामुळे पेशंट कमी होतात. बोलायला वेळ लागतोच, हे मी किती प्रकारे सांगितलं असेल!

शेवटच्या दिवशी सोशल वर्करची खुर्ची आम्ही दोघींनी उचलून जिन्याने वर न्यायला घेतली. जिन्याच्या वळणावर तिने खुर्ची टेकवली आणि तिच्यावरच बसली.

"थांब जरा," ती म्हणाली. "मला आधी चिडू दे."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.