कासवाचा सोमवार

सर्व नातेवाईक, गिऱ्हाइकं आणि शेजारीपाजारी यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, लातुरातल्या आमच्या घराण्याची सात पिढ्यांची शाकाहाराची परंपरा गेल्या सोमवारी दुपारी गच्चीवर मोडली. कारण : एक कासव. लांबी : दोन बोटं.

हे रत्न माझ्या मेहुण्यानं नांदेडहून आणलं. भाचीचा, म्हणजे आमच्या गौरीचा, वाढदिवस होता. (ड्रेस, कंपासपेटी असलं काही देण्याइतका तो साधा माणूस नाही.)

"भावजी, याचा काही खर्च नाही. पाला खातं अन् पडून राहतं."

"म्हणजे तुझ्यासारखंच," मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच आमच्या भांड्याच्या दुकानातून परात आणायला पळालो. तिच्यात बोटभर पाणी घातलं, कासवाच्या घराची सोय झाली.

माझी आई, अव्वा, परातीत डोकावून म्हणाली, "देवळात पिंडीसमोर दगडाचं हाय की कासव. ते बरं. खायला तरी मागत न्हाई."

आता आमचं घर असं, की अंड्याचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा भिंतीवर चढत नाही. आणि हा नियम सगळ्यात मोठ्या आवाजात सांगणारा कोण? मी! रोज संध्याकाळी रिंगरोडपर्यंत पाय मोकळे करून येतो, बडीशेप चघळत घरात शिरतो आणि जेवताना शाकाहारावर दोन शब्द बोलतो. तेव्हा मी जाहीर केलं, "या घरात आलंय, तर कासवही भाजीच खाईल!"

पहिल्या दिवशी शिरूर अनंतपाळच्या आमच्या शेतातली कोवळी मेथी दिली. काही गिऱ्हाइकं कळशी वाजवून बघतात, उलटी करून बघतात आणि न घेताच निघून जातात. कासवानं मेथीला तसंच केलं. नाकानं ढकललं, एक चक्कर मारली आणि पाठ फिरवली. दोन बोटांचा जीव, आणि माज बघा!

मग गाजर किसलं. काकडी चिरली. पपई कुस्करली. टरबुजाची फोड ठेवली, तर त्यावर चढून ते झोपलं. त्यानं नाकारलेली काकडी मीठ-मिरपूड लावून मीच संपवायचो. शेवटी मीठ-मिरपुडीची डबी परातीशेजारीच ठेवून दिली.

चौथ्या दिवशी मी फरशीवर पालथा पडलो आणि त्याच्या तोंडासमोर गाजर खाऊन दाखवलं. "असं. चाव. आता गिळ. बघ, काही होतं का?"

मागून अव्वाचा आवाज आला, "शिवराज, त्याला शिकवून राहिलास, का त्याच्याकडून शिकून राहिलास?"

त्यात सोमवार उजाडला आणि आमची भजनी मंडळी कासव बघायला आली. सगळ्यांसमोर त्यानं केळ्याला तोंड लावलं नाही. माझी लाज जायची वेळ! मी गंभीरपणे म्हणालो, "माझा सोमवार असतो ना. माझ्यासोबत त्यानंही उपास धरलाय."

मंडळींनी चक्क हात जोडले. मंगळवारी त्यातलेच दोघं पुन्हा आले.

"आज पण उपास?"

"कडक आहे," मी म्हणालो. त्यांनी आणलेली रताळी मीच खाल्ली.

पण शनिवारी कासवानं मान टाकली. हाक मारली तरी डोळा उघडेना. गौरीनं ताट सरकवलं. "ते जेवेल तेव्हाच मी जेवणार." रविवारी रात्रीपर्यंत पोरीच्या पोटात फक्त एक कप दूध! सोमवारी सकाळी परात उचलली आणि गौरीला घेऊन जनावरांचा दवाखाना गाठला.

तिथले डॉक्टर म्हशींचे. टेबलावर कासव कुठं आहे, हे शोधायला त्यांना चष्मा लावावा लागला.

"काय घालून राहिलात याला?"

मी अभिमानानं सतरा नावं सांगितली.

"पोट हाय का भाजीमंडई? अहो, पिलू हाय हे! मोठं झाल्यावर खाईल पाला. आत्ता याला मासोळी पायजे, गांडूळ पायजे. न्हाईच जमलं तर आजच्यापुरता उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या. उपाशी मारता का मुक्या जिवाला?"

घरी बैठक बसली. मासोळी म्हणताच बायकोनं कानांवर हात ठेवले. गांडूळ म्हणताच अव्वा म्हणाली, "जिता जीव मारायचा न्हाई." उरलं अंडं. गौरी भरल्या डोळ्यांनी अव्वाकडे बघत होती.

"पोरगी बी उपाशी, कासव बी उपाशी," अव्वा म्हणाली. "गच्चीवर उकडा. डबा मागून फेकून द्या."

मी अंडं आणलं. दोन बोटांत, हात लांब धरून, तोंड वाकडं करून. जसा काही विंचूच! गच्चीवर विटांची चूल मांडली, पत्र्याच्या डब्यात पाणी ठेवलं. गौरीनं परात, तिच्याशेजारची डबी, सगळं वर आणलं.

"किती वेळ उकडायचं हो?" बायकोनं विचारलं.

"मला काय विचारतेस? मी आयुष्यात कधी…" मी उखडलो. मग म्हणालो, "बारा मिनिटं. अन् काढल्या काढल्या गार पाण्यात टाक, साल पटकन सुटते."

दोन टिचक्या मारल्या आणि सगळी साल एका दमात उतरवली. (संत्रं मला बायको सोलून देते, हे इथं नमूद करायला हवं.) पण कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे परातीवर वाकले होते. मी पांढऱ्या भागाचा कण पाण्यात सोडला.

मान हलली. डोळा उघडला. आणि गट्टम!

"खाल्लं! बाबा, खाल्लं!" गौरी नाचायला लागली. दुसरा कण, तिसरा कण, सगळे गट्टम! बायकोनं पदर डोळ्यांना लावला. गौरी म्हणाली, "आई, मला पण जेवायला दे."

मलाही भरून आलं. त्या भरात एक हात शेजारच्या डबीकडे कधी गेला, उरलेल्या अंड्यावर मीठ-मिरपूड कधी पडली आणि ते सबंधच्या सबंध माझ्या तोंडात कधी गेलं, मला खरंच कळलं नाही.

गौरी बघत होती. बायको बघत होती. कासवानंही मान बाहेर काढली होती. माझे दोन्ही गाल फुगलेले, त्यामुळे खुलासा करायचीही सोय नव्हती.

आणि अव्वा बोलून गेली, "अरे शिवराज, रोज रिंगरोडच्या गाडीवर खातोस ते खातोस, निदान सोमवारी तरी मुक्या जिवाच्या तोंडचं काढू नको की रे!"