रबराच्या पायातली चप्पल

मुखेडहून नांदेडला निघालेली एसटी नायगावच्या अलीकडे बंद पडली. ऊन होतं, म्हणून आम्ही काहीजण रस्त्यालगतच्या शेतातल्या विहिरीवर पाणी प्यायला निघालो. शेतात पेरणी चालली होती. पेरत्या रानात आपल्याकडे कुणी चप्पल घालून जात नाही, तेव्हा सगळ्यांनी बांधावरच चपला काढल्या.

माझ्या शेजारच्या सीटवरचा माणूस मात्र खाली बसला. त्याने एक चप्पल काढली, मग दुसरा पाय दोन्ही हातांनी उचलून त्यातलीही काढली. तो पाय रबराचा होता.

"त्या पायातली राहू द्या की," मी म्हणालो.

"फौजेत व्हतो," तो म्हणाला. "सरहद्दीवर लोकांच्या रानात आम्हीच सुरुंग पुरले. पुढं तेच काढताना पाय गेला. तिथला एक म्हातारा रोज बांधावर येऊन पुसायचा, आता पेरू का? हाव म्हणाय जीभ रेटायची न्हाई. समदे निघाले का, ते आम्हालाच ठाव नव्हतं."

पुष्कळ देशांनी सुरुंग न वापरण्याचा करार केलाय, असं मी त्याला सांगितलं.

"आपण?"

"अजून नाही."

त्याने मान हलवली. दोन्ही चपला बांधावर नीट जोडीनं ठेवल्या आणि पेरणाऱ्याकडे बघत राहिला.

"त्या म्हाताऱ्याच्या रानात," तो हळू म्हणाला, "आम्ही बूट घालून शिरलो व्हतो."