चाळीस फुटांवरचं गोड पाणी

"मॅडम, आधी हे पिऊन बघा," अप्पा म्हणाले. बोअरच्या पाइपाखाली त्यांनी स्टीलचा गिलास धरला होता. पाणी उडून धोतर भिजत होतं, तरी ते बाजूला होत नव्हते. मे महिना होता आणि नांदेडचं ऊन डोक्यावर होतं. मी गिलासभर प्यायले. पाणी खरंच गोड होतं.

"किती फुटांवर लागलं?" मी बिल्डरच्या सेल्सवाल्याला विचारलं.

"चाळीस, मॅडम. उन्हाळ्यात बी हटत नाही."

अप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू ते पाणी त्यांनीच शोधून काढलं होतं. "आमच्या लातुरात आठशे फूट गेलं तरी फुफाटा निघतो. आता अजून काय बघायचं ऱ्हायलं, सांगा."

मी व्हॅल्युअर आहे, म्हणजे घराची किंमत ठरवून देणारी. शिक्षणानं सिव्हिल इंजिनिअर. कर्ज देण्याआधी बँक आमच्यासारख्यांना पाठवते आणि आम्ही आजचा भाव सांगतो. हे घर दहा वर्षांनी कसं असेल, हे बँक सहसा विचारत नाही. अप्पांनी मात्र नेमकं तेच विचारायला, टोकन देण्याआधी, मला स्वतःच्या फीवर बोलावलं होतं. एवढं शहाणपण मी फार थोड्या गिऱ्हाइकांत पाहिलंय.

अप्पा लातूरचे डाळीचे व्यापारी. आयुष्यभराचं दुकान नुकतंच विकलेलं. लेक शैला नांदेडला एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. जावई फौजेत, सुट्टी मिळेल तेव्हा येणार. म्हणजे घरात शैला आणि तिची चार वर्षांची मुलगी, दोघीच. दुकानाचे सगळे पैसे या घरात जाणार होते. घर चुकलं असतं तर दुसरं घ्यायची ताकद कुणातच नव्हती.

रो-हाउसच्या दोन रांगा, पुढे कमान, चकचकीत टाइल्स. कागद मी आधीच वाचले होते, ते चोख होते. नवं घर मी फारसं बघत नाही, कारण नवं घर सगळीकडे नवंच दिसतं. मी मागच्या गल्लीत जाते. त्याच मातीत ज्या घरांनी दहा-बारा पावसाळे काढलेत, त्यांना काही लपवता येत नाही.

मागच्या गल्लीत मला पहिल्यांदा दिसले ते विजेचे मीटर. मीटर साधारण डोळ्यांच्या उंचीवर बसवतात, म्हणजे रीडिंग घेता येतं. इथे घराघरांवर ते इतके वर होते की रीडिंगवाल्याला स्टूल लागावं. हौसेनं असं कुणी करत नाही. दारापुढचे ओटेही मागाहून वाढवलेले होते, वरचं प्लास्टर वेगळं दिसत होतं. भाड्याच्या पाट्या होत्या त्या सगळ्या तळमजल्याच्या. मालक वरच्या मजल्यावर राहायला गेलेले.

मग गल्लीच्या टोकाला बाभळींची रांग दिसली. ती कॉलनीच्या कंपाउंडपाशी तुटत होती आणि पलीकडून पुन्हा सुरू होत होती. म्हणजे बाभळी ओढ्याकाठच्या होत्या आणि मधला ओढा भराव टाकून बुजवला होता.

मी अप्पांना समजावून सांगितलं. गोदावरी भरली की ती ओढ्याचं पाणी आत घेत नाही, ते मागे फिरतं आणि सखल जागेत पसरतं. ही जागा सखल आहे, म्हणून तर भर उन्हाळ्यात चाळीस फुटांवर पाणी आहे.

"ओढा कवाचाच बंद झाला, मॅडम," सेल्सवाला म्हणाला.

"ओढ्याला कळवलं का तसं?" मी विचारलं. त्याला ती गंमत वाटली.

अप्पा मात्र तापले. "पाणी हाय म्हणून घर नको म्हणून राहिलाव तुमी. ह्या वयापर्यंत असं कधी ऐकलं न्हाई."

त्यांचं तरी काय चुकलं? टँकरच्या मागे घागरी घेऊन पळण्यात त्यांचे कित्येक उन्हाळे गेले होते. सोयरीक जुळवतानासुद्धा तिकडची माणसं आधी विचारतात, नळ किती दिवसांआड येतो. जागेची परीक्षा करायची त्यांच्याकडे ही एकच रीत होती आणि तिच्यात हे घर पहिल्या नंबरानं पास झालं होतं. पण मी मागे हटणार नव्हते.

"माझं ऐकू नका," मी म्हटलं. "इथं राहणाऱ्यांना विचारू."

उंच ओट्याच्या एका घरातल्या बाईंनी आम्हाला आत बसवलं. पावसाळ्यात पाणी येतं का, असं मी विचारलं. "येतं की कधीमधी," त्या म्हणाल्या. "आलं की आमी वर जातो." पाव्हणा येतो तसं सांगितलं त्यांनी.

अप्पांचं लक्ष आमच्या बोलण्याकडे नव्हतं. ते नाकानं काहीतरी शोधत होते. मागच्या खोलीच्या दारातून त्यांना डाळीचं अर्धं पोतं दिसलं, लाकडी फळीवर ठेवलेलं.

"ताई, तूरडाळ बघू का जरा?"

त्या बाई चकित झाल्या, पण हो म्हणाल्या. अप्पांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळाची मूठभर डाळ काढली, चोळली, हुंगली. "ऊन दाखवलं होतं का?"

"चांगलं चार दिवस. कालपरवाच भरली."

अप्पांनी डाळ परत पोत्यात टाकली. बाहेर येऊन चपला घातल्या आणि तिथंच उभे राहिले. "मे महिन्यात ओल धरली हाय. असल्या खोलीत मी माझं एक पोतं ठेवलं नसतं." थोड्या वेळानं म्हणाले, "अन् लेकीला ठेवाया निघालो होतो."

माझं इंजिनिअरिंग वाया गेलं, काम अर्ध्या पोत्यानं केलं. खोटं कशाला सांगू, मला जरा राग आला.

मग शैलाला घेऊन आम्ही मुरमाड उंचवट्यावरच्या एका जुन्या कॉलनीत घर बघितलं. लहान होतं आणि त्याला कमान नव्हती. शैलाला आठ वाजता सुट्टी होते, म्हणून आम्ही मुद्दाम संध्याकाळी आठला ऑटोच्या थांब्यापासून घरापर्यंत चालत गेलो. दुकानं उघडी होती, दिवे होते, बायका पायरीवर गप्पा मारत बसल्या होत्या. ही माझी नेहमीची तपासणी. बायका जिथं निवांत बसतात, तिथं घराचा भाव सहसा पडत नाही.

पाण्याचं विचारल्यावर मात्र अप्पांचा चेहरा उतरला. बोअर कोरडी. नळ चार-पाच दिवसांआड. "म्हणजे हे बी लातूरच की."

शैला म्हणाली, "अप्पा, टँकरला फोन करायला मला येतं. पाण्यातून लेकरू उचलून पळायला एकटीला जमणार नाही."

विषय तिथंच संपला. अप्पांनी घर घेतलं आणि अंगणाखाली एवढा मोठा हौद बांधला की शेजारी बघायला आले.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही म्हणा. रो-हाउस सगळी विकली गेली, भावही चढला. सेल्सवाल्यानं मला फोन केला, "मॅडम, पेढे पाठवू का?" अप्पांचाही फोन आला. त्यांनी रो-हाउसचं नाव काढलं नाही, नुसतं "बरं हाय का?" विचारलं. मी म्हटलं, थांबा.

पुढच्या पावसाळ्यात गोदावरी भरली आणि ओढा आपल्या जागी परत आला. रो-हाउसांत कमरेइतकं पाणी होतं. शैला त्या दिवशी नेहमीसारखी ड्यूटीवर गेली. तिची तक्रार एकच होती, टँकर उशिरा आला.

दिवाळीनंतर बँकेनं मला त्याच रो-हाउसांतल्या एका घरी पाठवलं. मालकाला विकून निघायचं होतं. आमच्याकडे 'डिस्ट्रेस व्हॅल्यू' म्हणतात, घाईत विकलं तर जी किंमत येते ती. चांगल्या भागात ती आजच्या भावाच्या जवळपास असते. इथे काय होती ते सांगत नाही, तो आकडा लिहिताना मालक माझ्यासमोर बसून होता. नवा मीटर माझ्या डोक्याच्या वर लागला होता. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा नमुन्याचं घर सोडा आणि मागच्या गल्लीतले मीटर बघून या. त्याला व्हॅल्युअर लागत नाही.

घरी येऊन अप्पांना फोन केला, सगळं सांगितलं.

"वाचली माझी लेक," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पर मॅडम, पाणी लई गोड हुतं."